दिवाळीनंतरचा लेक सेंट क्लेअर: बॅस कुठे जातात आणि होडी कधी काढावी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं नीट लागेल. तुम्ही जुलैत 17 फुटी ॲल्युमिनियमची जुनी होडी घेतलीत. ऑगस्ट-सप्टेंबरात डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअर या तळ्यावर, मेट्रो बीचसमोर 8-10 फूट पाण्यात, गवताच्या कडेने स्मॉलमाउथ बॅस भरपूर लागले. दिवाळीच्या आगेमागे त्याच जागी दोनदा गेलात, तेच आमिष टाकलंत आणि दोन्ही खेपा रिकाम्या गेल्या. टर्नओव्हरमुळे मासे खाईनासे झाले असतील, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. आता होडी हिवाळ्यासाठी झाकून ठेवण्याआधी नोव्हेंबरात एकदा 11 वर्षांच्या मुलाला घेऊन जायचंय, म्हणून थंड पाण्यात चालणारं आमिष विचारताय.

आमिष सांगतो, पण माझ्या हिशोबात तो प्रश्न तिसरा. होडी कोणत्या दिवशी पाण्यात घालायची हा पहिला आणि मासे आत्ता कुठे आहेत हा दुसरा. हे दोन सुटले की आमिष पाच मिनिटांत ठरतं. ते सुटले नाहीत तर दुकानातलं सगळ्यात महाग आमिषही रिकाम्या पाण्यातून फिरून परत येतं. मुलाचं शेवटी बोलू, कारण त्याचं उत्तर आधीच्या सगळ्यावर अवलंबून आहे.

मी मूळचा देवगडचा. खाडीत मामाबरोबर गरवत मोठा झालो. तंगूस बोटावर घेऊन शिसं तळाला लागलं की खाली चिखल आहे, वाळू आहे की खडक, हे न बघता कसं ओळखायचं ते मामाने शिकवलं. ते ज्ञान इथे ग्रॅफाइटच्या रॉडवरही जसंच्या तसं उपयोगी पडलं. मिशिगनमध्ये 20 वर्षांहून जास्त झाली. प्रत्येक खेपेला पाण्याचं तापमान, वारा, खोली आणि लागलेले मासे एका वहीत लिहितो. खालचं बरंचसं त्या वहीतलं आहे.

टर्नओव्हरचं आधी निकालात काढू. खोल तळ्यात उन्हाळ्यात पाण्याचे थर होतात: वर गरम आणि हलकं, खाली थंड आणि जड. पाणी सगळ्यात जड असतं ते 4 अंश सेल्सियसला. पानगळीत वरचं पाणी थंड होऊन खाली बसू लागतं, थर मोडतात आणि तळाचं कमी प्राणवायूचं पाणी वर येऊन सगळं ढवळून निघतं. हाच टर्नओव्हर. पण सेंट क्लेअर उथळ आहे. 430 चौरस मैलांचं तळं, आणि सरासरी खोली फक्त 11 फूट, म्हणजे पुरते दोन वावसुद्धा नाही. नैसर्गिक खोली जास्तीत जास्त 21 फूट. जहाजांसाठी मधोमध खणलेला चॅनल तेवढा 27 फुटांचा. वारा हे पाणी उन्हाळाभर ढवळतच असतो. शिवाय वरून सेंट क्लेअर नदी लेक ह्युरॉनचं पाणी आणते आणि खालून डेट्रॉइट नदी ते लेक एरीकडे नेते. सरासरी 9 दिवसांत तळ्यातलं पाणी बदलून जातं. इथे थर धरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तुमच्या रिकाम्या खेपांचा दोष टर्नओव्हरवर ढकलता येणार नाही.

दोष गवताचा आहे. उन्हाळ्यात हे तळं म्हणजे पाण्याखालचं मोठं कुरण असतं. 1988 मध्ये याच तळ्यात झेब्रा शिंपले पहिल्यांदा सापडले. समुद्रापार जाणाऱ्या जहाजांत तोल राखायला भरलेल्या (बॅलास्टच्या) पाण्यातून ते आले होते. त्यांनी पाणी इतकं गाळलं की ऊन तळापर्यंत पोहोचलं आणि गवत माजलं. दोन वर्षांनी, 1990 मध्ये, सेंट क्लेअर नदीत गोबी सापडला, तोही तसाच परका. बोटभर लांबीचा, तळाला चिकटून राहणारा हा मासा स्मॉलमाउथचं रोजचं जेवण होऊन बसला. उन्हाळ्यात गवत सगळीकडे, गोबी सगळीकडे, म्हणून बॅसही सगळीकडे. तुम्ही मेट्रो बीचसमोर कुठेही आमिष टाकलंत तरी मासा लागत होता, तो यामुळे. त्यात तुमच्या हाताचं कसब नव्हतं असं मी म्हणत नाही, पण तळंही तेव्हा उदार होतं.

ऑक्टोबरात दिवस लहान होतात, गवत पिवळं पडतं, मोडतं आणि वाऱ्याने काठाला लागतं. उघड्या पडलेल्या त्या 8 फुटांत लपायला जागा उरत नाही आणि खायलाही फार काही नसतं. गोबी खोल पाण्याकडे सरकतात आणि बॅस त्यांच्या मागे जातात. पाणी जसं निवत जातं तसे हे मासे विखुरलेले राहत नाहीत. हिवाळा काढायच्या जागेच्या वाटेवर, थोड्याशा ठिकाणी दाटीवाटीने गोळा होतात. तळ्याचा बहुतेक भाग रिकामा, आणि फुटबॉलच्या मैदानाएवढ्या एखाद्या तुकड्यात शेकड्यांनी मासे, अशी स्थिती होते. तुमच्या दोन खेपा त्या रिकाम्या भागात गेल्या.

माझ्या वहीत वर्षातले सगळ्यात मोठे मासे याच काळातले आहेत. पाणी 52 अंश फॅरनहाइटवरून 44 पर्यंत उतरतं ते दिवस, म्हणजे सेल्सियसमध्ये अंदाजे 11 ते 7. साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. कुठल्या वर्षी हे दहा दिवस आधी येतं, कुठल्या वर्षी थँक्सगिव्हिंगपर्यंत लांबतं. म्हणून कॅलेंडर बघू नका, होडीवरचा तापमापक बघा. 40 फॅरनहाइटच्या खाली गेल्यावर मासे असतात तिथेच असतात, पण तोंड उघडायला फार वेळ लावतात. तेव्हा मी होडी बंद करतो.

आता दिवस कसा निवडायचा. हा भाग लांबणार आहे आणि तो तुम्ही गाळू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

उथळ तळ्यावरच्या लाटा समुद्रासारख्या लांब आणि झुलत्या नसतात. त्या आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक येतात. तीन फुटांची लाट देवगडच्या दर्यात कुणी मोजत नाही. सेंट क्लेअरवर तीच लाट 17 फुटी होडीच्या नाकावर आदळते, आणि होडी सावरेपर्यंत दुसरी आलेली असते. आपला काठ तळ्याच्या पश्चिमेला. पूर्वेचा वारा असला तर होडी उतरवायच्या रॅम्पवरच लाटा दिसतात आणि माणूस शहाण्यासारखा घरी जातो. फसवणारा वारा पश्चिमेचा. काठावर घरांच्या आणि झाडांच्या आडोशाला पाणी अगदी शांत, तेलासारखं. तुम्ही निघता, वारा पाठीशी असतो, पाच मैल आत गेल्यावरही होडी मजेत चालते. परत फिरायला नाक वळवलं की कळतं आपण कशात आहोत ते. येताना वीस मिनिटं लागली, तिथे जाताना दीड तास लागतो, आणि प्रत्येक लाटेचं पाणी अंगावर. पाणी 46 अंश फॅरनहाइटचं.

म्हणून माझा नियम असा, तुमच्या मापाच्या होडीसाठी: एनओएएचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान-सागर संस्थेचा, किनाऱ्याजवळच्या पाण्याचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी वाचायचा. त्यात वारा नॉटमध्ये असतो, एक नॉट म्हणजे तासाला 1.85 किलोमीटर. दिवसभर 10 नॉटच्या आत असेल आणि दुपारनंतर वाढणार नसेल तरच जायचं. ‘आत्ता 8, संध्याकाळी 20’ असा अंदाज असेल तर मी जात नाही. ती संध्याकाळ दुपारी दोनलाच आलेली मी पाहिली आहे. लहान होड्यांसाठीची अधिकृत सूचना इथे 22 नॉटला लागते. ती लागली नाही म्हणजे आपल्याला मोकळीक मिळाली, असं अजिबात समजू नका. तुमच्या होडीची मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे संपते.

नोव्हेंबरच्या वादळांची इथल्या लोकांना जी धास्ती आहे ती उगीच नाही. 10 नोव्हेंबर 1975 ला लेक सुपिरियरमध्ये ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे 729 फुटी मालवाहू जहाज 29 माणसांसह बुडालं. ते डेट्रॉइटच्या झुग आयलंडकडे निघालं होतं. पोहोचलं असतं तर आपण ज्याच्या कडेने गरवतो त्याच चॅनलमधून गेलं असतं.

आणि थंड पाणी. एका नोव्हेंबरात मित्राचा मासा जाळीत घ्यायला मी होडीच्या पुढच्या फळीवर गेलो. फळीवर पाण्याचे तुषार गोठून पातळ बर्फ झाला होता, तो मला दिसला नाही. पाय गेला आणि मी पाण्यात. मला लहानपणापासून उत्तम पोहता येतं, भरतीच्या खाडीतही पोहलोय. त्या पाण्यात पोहणं सुचलंच नाही. छातीत श्वास आपोआप ओढला गेला, पुन्हा पुन्हा, आणि थांबेना. अंगात तरंगणारा कोट होता म्हणून तोंड पाण्याच्या वर राहिलं. मित्राने मला ओढून घ्यायला तीन-चार मिनिटं घेतली. तेवढ्यात माझी बोटं इतकी बधिर झाली होती की होडीची कड मला धरता येत नव्हती. त्या होडीला शिडी नव्हती. पुढच्याच आठवड्यात बसवली.

मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गिसब्रेख्ट थंड पाण्यावर संशोधन करतात. त्यांनी लोकांच्या लक्षात राहावं म्हणून 1-10-1 असा हिशोब दिलाय: श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती 10 मिनिटं, आणि अंग गारठून शुद्ध हरपायला साधारण 1 तास. म्हणजे थंडीने मरण्याच्या कितीतरी आधी माणूस पहिल्या मिनिटात गुदमरून किंवा दहाव्या मिनिटाला हात गळून बुडू शकतो, अंगावर जॅकेट नसेल तर. सीटखाली ठेवलेलं जॅकेट त्या मिनिटात अंगात चढत नाही. नोव्हेंबरात ते घरून निघताना घालायचं आणि रॅम्पवर परत आल्यावर काढायचं.

इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. 26 फुटांच्या आतल्या होड्यांना 1 एप्रिल 2021 पासून तो कायदाही आहे. एकटे असताना होडीतून पडलात आणि होडी पुढे निघून गेली, तर नोव्हेंबरात दुसरी होडी दिसेलच याची खात्री नसते. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, खिशात. घरच्यांना कुठे जातोय आणि कधी परत येणार हे सांगून निघायचं. होडी नांगरताना नांगर कायम पुढच्या बाजूने टाकायचा. मागून टाकलात तर लाट इंजिनावरून सरळ आत येते. आणि एक गोष्ट नव्या लोकांच्या लक्षात येत नाही: पाणी गोठण्याआधी कोस्ट गार्ड बरेच बोये काढून नेतं किंवा हिवाळी बोये लावतं. उन्हाळ्यात ज्या बोयाच्या खुणेने तुम्ही वळत होतात तो जागेवर नसेल. चार्टवर भरवसा ठेवा. तळ्याची पातळीही उन्हाळ्यापेक्षा उतरलेली असते, तेव्हा मरीनाच्या तोंडाशी प्रोपेलर सांभाळा.

सकाळी अंधारात उठून जायची मात्र गरज नाही. उन्हाळ्याची ती सवय इथे सोडा. थंड पाण्यात दुपारच्या उन्हाने एखादा अंश वाढला तरी मासे हलतात. मी दहाला पाण्यात असतो आणि तीनला निघतो. घड्याळं मागे गेल्यावर पाच-साडेपाचच्या दरम्यान सूर्य मावळतो, आणि अंधारात परतायचं नाही हे आधीच ठरलेलं असावं.

आता मासे कुठे. सेंट क्लेअरवर ‘खोल’ म्हणजे 14 ते 20 फूट, आणि तळाला कसलीतरी कड हवी. मी तीन प्रकारच्या जागा बघतो. एक, जहाजांच्या चॅनलच्या दोन्ही बाजूंचा उतार, जिथे 15 फुटांवरून तळ खाली सुटतो. चॅनलच्या आत थांबायचं नाही. तिथून हजार फुटांची जहाजं जातात, ती तुमच्यासाठी वळू शकत नाहीत आणि लांबून वाटतात त्यापेक्षा फार वेगात असतात. दुसरी जागा दक्षिणेला, ग्रॉस पॉइंटसमोरून डेट्रॉइट नदीच्या तोंडाकडे जाणारा भाग. पाणी तिकडेच वाहतं आणि मासेही तिकडे उतरतात. माझे नोव्हेंबरातले निम्म्याहून जास्त मासे इथले आहेत. तिसरी, उत्तरेला नदीच्या फाट्यांची तोंडं. तिथे प्रवाह जोराचा असला तर मासे त्यात उभे राहत नाहीत, बाजूच्या मंद पाण्यात असतात.

जाता जाता: तळ्याचा मोठा भाग कॅनडात आहे. सरहद्द जीपीएसवर नीट दिसते. पलीकडे गरी टाकायची तर ऑन्टारियोचा परवाना लागतो.

जागा कळली तरी जागेतला तुकडा शोधावा लागतो. पहिला तास मी मासे पकडायला जातच नाही, तळ वाचायला जातो. वारा होडीला ज्या बाजूला नेईल त्या बाजूला सावकाश वाहत जायचं, आणि ट्यूब जिग, म्हणजे शिशाच्या डोक्यावर चढवलेलं मऊ नळीसारखं आमिष, तळाला घासत ठेवायचं. मामाचं शिसं इथे कामाला येतं. चिखल असला तर आमिष ओल्या कापडावरून ओढल्यासारखं येतं. गवत असलं तर लवचिक ओढ लागते आणि मग सुटते. वाळूत काही कळतच नाही. आणि रेव, शिंपले किंवा दगड आले की काठीत टक-टक-टक असा निरोप येतो. तो निरोप आला की जीपीएसवर खूण करा, मासा लागो न लागो. रेवेत आणि दगडांत गोबी असतात. गोबीला वायुपिशवी नसते, तो तळाला टेकून असतो, त्यामुळे सोनारवर, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, तो दिसेल अशी वाट बघू नका. बॅस दिसतात, पण तळाला पोट टेकून बसले असतील तर तेही चुकतात. मोडकं तपकिरी गवत सोडून द्या. पण 12-14 फुटांत अजून हिरवं, उभं गवत असलेला पट्टा सापडला तर तिथे थांबाच, असे पट्टे नोव्हेंबरात थोडेच उरतात.

होडीचा वेग तासाला अर्ध्या ते पाऊण मैलाच्या वर जाऊ देऊ नका. वारा जास्त ढकलत असेल तर ड्रिफ्ट सॉक पाण्यात सोडा, ती छत्रीसारखी फुगून होडीला मागे धरते. पहिला मासा लागला की लगेच खूण करा. मग त्या रेषेवर पुढे वाहत जाऊ नका. उन्हाळ्यात एक मासा म्हणजे एक मासा. या दिवसांत एक मासा म्हणजे तिथे त्याचे सोबती आहेत. मोठा वळसा घालून वाऱ्याच्या वरच्या बाजूला या आणि तिथे नांगर टाका, किंवा ट्रोलिंग मोटरचा (विजेवरच्या छोट्या इंजिनाचा) जीपीएस नांगर असेल तर तो लावा. खुणेपासून लांब, निदान 60-70 फुटांवर थांबून तिथे गरी फेका. पाणी इतकं स्वच्छ असतं की होडी डोक्यावर आली की मासे गप्प होतात. माझ्या वहीत एका दुपारी एकाच खुणेवर 31 मासे आहेत. त्याआधीचे तीन तास शून्य.

तर तुमचं आमिष. तीन पुरे.

शोधायला साडेतीन इंची ट्यूब, हिरवट-तपकिरी रंगाची, 3/8 औंसाच्या डोक्यावर, वारा असेल तर 1/2 औंस. ती गोबीसारखी दिसते आणि तळाला राहते, एवढंच तिचं काम. ऑगस्टात तुम्ही ती उडवत आणली असेल, आता फक्त घासायची. थांबायचं, पुन्हा घासायची.

मासे सापडल्यावर ब्लेड बेट, म्हणजे धातूची पातळ पट्टी, पोटात शिसं. थंड पाण्यात माझा सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर आहे. पण लोक ती फार जोरात उडवतात. तळाला टेकू द्या, काठीने वीतभर उचला, तेवढ्यात ती हातात थरथरते, आणि मग दोरी जेमतेम ताणलेली ठेवून तिला परत खाली पडू द्या. मासा जवळजवळ नेहमी ती पडताना घेतो. झटका जाणवत नाही, पुढच्या वेळी उचलताना नुसतं जड लागतं. मासा थंड रक्ताचा प्राणी. 45 अंशांच्या पाण्यात त्याचं अंग मंद चालतं आणि तो पाठलागावर ताकद घालवत नाही. समोर पडलेलं, सहज मिळणारं तो घेतो. आमिषाच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीतून निघतात.

तिसरं, पाण्यात तरंगत थांबणारं जर्कबेट, स्वच्छ ऊन आणि 10-12 फूट पाणी असेल तेव्हा. दोन हलके झटके आणि मग थांबणं. किती? मनात दहा आकडे, 45 च्या खाली वीस. हे थांबणं फार कठीण जातं, मलाही अजून जातं, पण मासा त्या थांबण्यातच येतो.

सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, 10 पौंडी विणलेली दोरी (ब्रेड) आणि पुढे 8 पौंडी फ्लोरोकार्बनची दोरी. रंगांच्या बाबतीत मी फार मतं ठेवत नाही.

पकडलेल्या माशांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मला ते महत्त्वाचं वाटतं. कायद्याने सेंट क्लेअरच्या मिशिगन बाजूला जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून 31 डिसेंबरपर्यंत 14 इंचांवरचे 5 बॅस ठेवता येतात. दर हंगामात डीएनआरचं, म्हणजे राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचं, नियमांचं पुस्तक एकदा बघून घ्या. पण 20 इंची स्मॉलमाउथ व्हायला आठ-दहा वर्षं जातात, आणि या दिवसांत आजूबाजूच्या मैलोन्‌मैलांतले मोठे मासे एका तुकड्यात आलेले असतात. दोन-चार होड्यांनी रोज तिथून पाच-पाच नेले तर तो तुकडा रिकामा व्हायला वेळ लागत नाही, आणि भरायला दहा वर्षं लागतात. मी सगळे सोडतो. हात ओला करायचा, फोटो एकच, आणि हवा गोठणबिंदूखाली असेल तर मासा वर धरून बोलत बसायचं नाही, त्याचे कल्ले गारठतात. खायला यलो पर्च आहे ना. रवा लावून, तव्यावर, वर लिंबू. आमच्या घरी मांदेल्यांची आठवण त्यावर भागते.

बाकीच्यांसाठी दोन वाक्यं, कारण सगळे डेट्रॉइटकडे राहत नाहीत. एरीवर हेच स्मॉलमाउथ 25-40 फुटांत मिळतात, लाटा दुप्पट असतात, आणि खोलातून वर आणलेल्या माशाची वायुपिशवी फुगते, तेव्हा तिथे ते कसं हाताळायचं हे आधी शिकून जा. डॅलसकडच्या धरणांवर बॅस म्हणजे लार्जमाउथ, आणि ते पानगळीत शॅड माशांच्या मागे ओढ्यांच्या फाट्यांत शिरतात. वरचं खोलीचं गणित तिथे लावू नका.

आता तुमचा मुलगा. मी माझ्या मुलीला तेवढ्या वयात नोव्हेंबरात मधल्या पाण्यावर नेलं नाही, आणि तुम्हीही नेऊ नका असं स्पष्ट सांगतो. तुम्ही या तळ्यावर पहिलाच हंगाम काढताय, होडी 17 फुटी, आणि काही झालं तर होडी सांभाळायची की मुलगा, हा प्रश्न तुमच्यावर एकट्यावर येईल. मोठ्या माणसाला 10 मिनिटं मिळतात, लहान अंग त्याहून लवकर गारठतं. मोठ्या पाण्यावर आधी एखाद्या अनुभवी मित्राबरोबर जा, जमलं तर दोन होड्या एकत्र.

मुलाला मात्र मासेमारीविना ठेवायचं नाही. पाणी थंड झालं की पर्च मरीनांत आणि कालव्यांत शिरतात. वारा पडलेली दुपार बघा, काठावर परवानगी असलेली जागा शोधा, लाइफ जॅकेट तिथेही त्याच्या अंगात हवंच. छोटा गळ, टोकाला हलकं शिसं, त्यावर जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा. तळापासून वीतभर वर. पर्च थव्याने येतात, वीस मिनिटं काही नाही आणि मग हात रिकामा राहत नाही. 11 वर्षांच्या पोराला तासनतास ब्लेड बेट उचलत बसवण्यापेक्षा यात शंभरपट मजा आहे. थर्मासमधून गरम सूप न्या आणि त्याच्यासाठी हातमोज्यांचे दोन जोड, कारण पहिला जोड दहा मिनिटांत ओला होतो.

होडी बाहेर काढाल त्या दिवशी सगळे प्लग काढून पाणी तिथेच सोडा. शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून मिशिगनमध्ये 2019 पासून तो नियमच आहे. इंजिन सरळ उभं ठेवून त्यातलं पाणी पूर्ण निथळू द्या, लाइव्हवेलचा (मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा) पंपही रिकामा करा. पाणी आत गोठलं तर तडा जातो आणि तो थेट एप्रिलमध्ये कळतो. आणि रॅम्पवर ट्रेलरमधून सांडलेलं पाणी थंडीत मिनिटांत गोठतं. मी गाडीत एक पोतं वाळू ठेवतो, चाकांखाली टाकायला.

तुम्ही जाल तेव्हा पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा आणि ज्या खोलीत टक-टक लागली ती खोली लिहून ठेवा आणि इथे कळवा. मासा लागला नसला तरी कळवा. त्या तीन आकड्यांवरून पुढच्या खेपेला उत्तरेला जायचं की दक्षिणेला, हे मला सांगता येईल.